चीनच्या भिंतीवर पहारा कोण देत होतं? हान काळातली सीमा आणि तिचा कारभार

सांजवारा (धागाकर्ता)

चीनच्या भिंतीचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे ती किती लांब आहे, आणि दुसरी म्हणजे ती चंद्रावरून दिसते. दुसरी तर खरीही नाही. मला मात्र वेगळाच प्रश्न सोडत नाही. इतक्या लांब सीमेवर माणूस ठेवायचा कसा? त्याला धान्य कोण पोचवणार? त्यानं रात्रभर डोळे उघडे ठेवले की झोप काढली, हे वरच्यांना कसं कळणार? शत्रू दिसलाच, तर पुढच्या चौकीला नेमकं काय सांगायचं?

याची उत्तरं पर्यटकांच्या फोटोतल्या विटांच्या भिंतीपाशी मिळत नाहीत. ती भिंत मिंग काळातली, म्हणजे बरीच अलीकडची. उत्तरं मिळतात तिथून दूर पश्चिमेला, गोबीच्या कडेनं वाहणाऱ्या एजिन नदीच्या काठी, जूयान नावाच्या जागी. तिथली भिंत आज पाहिली तर वाळूतला एक उंचवटा दिसेल फक्त. पण तिथल्या पडक्या चौक्यांच्या उकिरड्यांत लाकडी पट्ट्या सापडल्या. वीतभर लांब, बोटभर रुंद, शाईनं लिहिलेल्या. १९३०-३१ मध्ये स्वीडिश आणि चिनी संशोधकांच्या मोहिमेत फोल्के बेर्गमन यांना सुमारे दहा हजार मिळाल्या, आणि १९७० च्या दशकात चिनी पुरातत्त्वज्ञांना आणखी सुमारे वीस हजार. कोरड्या हवेमुळे दोन हजार वर्षांपूर्वीची रोजची दप्तरं जशीच्या तशी राहिली.

आधी थोडी पार्श्वभूमी. हान सम्राट वू याच्या काळात, इ.स.पू. १२१ मध्ये, हुओ छूबिंग या तरुण सेनापतीनं शिओंग्नूंना, म्हणजे उत्तरेकडच्या भटक्या घोडेस्वार टोळ्यांना, हेशीच्या पट्ट्यातून हुसकलं. एका बाजूला छील्यान पर्वत, दुसऱ्या बाजूला वाळवंट आणि मधे हिरवळीच्या ठिपक्यांची ओळ, असा हा पट्टा. पुढे तिथे वूवेई, झांगये, ज्यूछुआन आणि दुनहुआंग असे चार प्रांत बसवले. एजिन नदी झांगयेकडून थेट उत्तरेला वाळवंटात शिरते, म्हणजे शत्रूच्या घोड्यांना पाणी आणि चारा असलेला आयता रस्ता. तो बंद करायला इ.स.पू. १०२ मध्ये लू बोद या सेनापतीनं जूयानला तटबंदी उभारली.

आता उतरंड बघा. वर प्रांताचा सुभेदार. त्याच्या हाताखाली सीमेचे लष्करी अधिकारी, झांगयेत असे दोन: एक जूयानला, एक दक्षिणेला ज्यानश्वेईला. त्यांच्याखाली ठाणी, प्रत्येकावर एक ठाणेदार. ज्याछू हे त्यातलं सगळ्यात चांगलं माहीत असलेलं ठाणं, कारण कागदपत्रांचा (पट्टीपत्रं म्हणू) मोठा वाटा त्याच्याच आसपासचा आहे. ठाण्याखाली टप्पे, टप्प्यावर एक नायक. आणि टप्प्याखाली चौक्या. चौकी म्हणजे मातीचा एक बुरूज, त्याला चिकटून एक-दोन खोल्या, एक चौकीप्रमुख आणि दोन ते चार शिपाई. पुढची चौकी नजरेच्या टप्प्यात.

बस, एवढीच माणसं. घोडदळ चालून आलं तर या चौघांनी ते अडवावं अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. त्यांनी ते वेळेत पाहावं, वेळेत कळवावं आणि मागून फौज येईपर्यंत बुरुजावर तग धरावा, इतकंच. भिंत घोड्याला थोडा वेळ अडवते, आणि तो थोडा वेळ निरोप पोचायला पुरतो. मला वाटतं, ही सगळी यंत्रणा त्या थोड्या वेळासाठी उभी होती.

---

शेवंती

मस्त विषय. साठवून ठेवला धागा. पण इशारा द्यायचा कसा तेही सविस्तर लिहा ना. आग पेटवायची एवढंच माहीत आहे. किती शत्रू आलेत, कुठून आलेत हे आगीतून कसं कळायचं?

---

सांजवारा

शेवंतीताई, त्याची नियमावलीच सापडली आहे. १९७४ मध्ये जूयानलाच सतरा पट्ट्यांचा एक संच मिळाला, सीमेवरच्या इशाऱ्यांचे नियम.

साधनं बरीच होती. दिवसा खांबावर दोरीनं वर चढवायची कापडाची निशाणं आणि टोपल्या, शिवाय धूर. रात्री बोरूच्या मोळीच्या मशाली. आणि दिवसरात्र दोन्ही वेळेला चालेल अशी सरपणाची मोठी गंजी. काय दिसलं, दिवसा की रात्री, आणि कुठल्या ठाण्याच्या हद्दीत, त्यावर कुठल्या साधनाची किती जोड हे ठरलेलं. उदाहरणार्थ, उत्तरेच्या टोकाच्या ठाण्याच्या हद्दीत शिओंग्नू दिवसा शिरले तर दोन निशाणं वर करायची आणि एक गंजी पेटवायची. रात्री शिरले तर एक गंजी पेटवायची आणि बुरुजावरच्या मशाली पहाटेपर्यंत विझू द्यायच्या नाहीत. बाकीच्या ठाण्यांनी हे पाहून त्यांच्या वाट्याचा इशारा पुढे द्यायचा. म्हणजे जागा, वेळ आणि धोका तिन्ही गोष्टी एका दृष्टिक्षेपात कळायच्या.

मला सगळ्यात आवडलेलं कलम वेगळंच आहे. जोराचा वारा किंवा पाऊस असेल आणि इशारा देता येत नसेल, तर ताबडतोब लेखी निरोप पाठवा. माणूस धावत जावो, घोडा दौडत जावो, पण शक्य तितक्या लवकर. ज्यानं हे लिहिलं त्यानं वादळात बुरुजावर उभं राहून पाहिलेलं असणार.

चौकीवर काय काय असावं याच्याही याद्या आहेत. तीन कापडी निशाणं, मेंढीच्या डोक्याएवढे पाचशे दगड, लांब दांड्याच्या कुऱ्हाडी, सोटे, आणि दोन कुत्री. कुत्री यादीत आहेत, त्यांच्या घरकुलांसकट! तपासणीला आलेला अधिकारी एकेक वस्तू मोजायचा आणि कमतरता टिपायचा. निशाण फाटलंय, बाण मोडलाय, मशाली कमी आहेत, असे शेरे पानोपानी आहेत.

---

निवृत्त_जवान

पहिल्यांदाच लिहितोय इथे, फक्त वाचत असतो. मी राजस्थान सीमेवर बरीच वर्षं काढली. तुम्ही लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला. एक विचारायचं आहे. वाळवंटात माणूस रात्री कुठून निसटून गेला हे बुरुजावरून दिसत नाही. अंधारात तर पन्नास पावलांवरचं दिसत नाही. यावर त्यांनी काय उपाय केला होता?

आम्ही तारेच्या लगत वाळूची पट्टी राखायचो. तिच्यावरून ओढणी फिरवून ती सपाट करायची आणि पहाटे उजाडताच तिच्या कडेनं चालत ठसे बघायचे. आमच्याकडे त्याला खुरा बघणं म्हणतात. गावातले जुने पगी तर ठसा बघून माणूस किती वजन घेऊन गेलाय तेही सांगत.

---

सांजवारा

काका, नमस्कार. तुमचा प्रतिसाद वाचून मीच थक्क झालो, कारण अगदी हेच होतं. त्याला ते "आकाशाचं शेत" म्हणत. भिंतीला लागून सपाट केलेली मऊ वाळूची पट्टी. शिपाई रोज तिच्या कडेनं चालत जाऊन ठसे पाहायचे आणि त्याची नोंद व्हायची: अमुक शिपाई, अमुक दिवस, अमुक चौकीपासून अमुक चौकीपर्यंत गेला, सीमा ओलांडल्याचा माणसाचा वा घोड्याचा माग नाही. महिनोन् महिने हेच वाक्य. माग नाही, माग नाही, माग नाही. वाचायला कंटाळवाणं आहे, पण ज्या दिवशी माग असेल तो दिवस चुकू नये म्हणून ही सगळी धडपड.

---

निवृत्त_जवान

आणि तो खरंच चालत गेला, का चौकीत बसून लिहिलं, हे कसं कळायचं? हा प्रश्न आमच्याकडेही असायचा. शिवाय वारा सुटला की तासाभरात ठसा पुसतो, म्हणून वेळेवर जाणं महत्त्वाचं.

---

सांजवारा

त्यावरही उत्तर काढलं होतं त्यांनी. दोन शेजारच्या हद्दींतले शिपाई आपापल्या बाजूनं चालत येऊन हद्दीवर भेटायचे, आणि तिथे लाकडाच्या तुकड्यावर खाच पाडून तो दोघांत वाटून घ्यायचे. दोन तुकडे जुळले तर दोघंही तिथवर आले होते. एकानं दांडी मारली की दुसऱ्याकडे जोड नाही.

टपालाचंही तसंच. निरोपाची पट्टी कुठल्या चौकीवर कुठल्या घटकेला आली, कुणाकडून कुणाकडे गेली, हे लिहायचं. किती अंतराला किती वेळ लागावा हे ठरलेलं होतं. शेवटी शेरा: वेळेत, किंवा वेळेत नाही. उशीर झाला तर कुठल्या माणसाच्या हातात तो झाला ते लगेच कळायचं.

---

घाटवाट

लेख आणि चर्चा दोन्ही छान. पण माझा जरा विरोध नोंदवतो. हान काळाच्या या छोट्या चौक्या बघून भिंत फार कामाची होती असं वाटेल. मिंग काळ बघा. तिथे खर्च अफाट, फौज लाखोंची, आणि तरीही १४४९ मध्ये तूमूला खुद्द सम्राटच ओइरात मंगोलांच्या हाती सापडला. त्यानंतर सगळा भर भिंतींवर आला. १४७४ मध्ये यू झिजुन यानं ओर्दोसच्या कडेनं लांब भिंत बांधून घेतली. पुढे ल्याओतुंगपासून गानसूपर्यंत नऊ मोठी सीमाक्षेत्रं ठरली, प्रत्येकावर एक सरसेनापती, त्याच्याखाली उपसेनापती, विभागांचे सरदार, किल्ल्यांचे किल्लेदार. इतकं असूनही १५५० मध्ये अल्तान खान भिंत ओलांडून थेट बीजिंगच्या वेशीपाशी येऊन लूट करून गेला.

---

सांजवारा

घाटवाट, मुद्दा रास्त आहे. मिंगांबद्दल तुम्हीच अजून लिहा, तुमचा अभ्यास दिसतोय. माझा ओढा हानांकडे आहे.

---

घाटवाट

बरं, दोन गोष्टी लिहितो.

पहिली इशाऱ्यांची. मिंगांकडे तोफा होत्या, त्यामुळे धुराला आवाजाची जोड मिळाली. १४६६ च्या नियमानुसार शंभरच्या आसपास शत्रू दिसला तर एक धूर आणि एक तोफ, पाचशेला दोन, हजारावर तीन, पाच हजारांवर चार, दहा हजारांवर पाच. धुकं असलं तरी तोफ ऐकू जाते.

दुसरी छी जिग्वांगची. किनाऱ्यावर चाच्यांशी लढून नाव कमावलेला हा सेनापती १५६८ मध्ये बीजिंगच्या उत्तरेच्या जीझोऊ क्षेत्रावर आला. त्यानं पाहिलं की शिपाई उघड्या तटावर ऊनवाऱ्यात उभे, हत्यारं-दारूगोळा ठेवायला जागा नाही, आणि शत्रू एका जागी जमून आला की तिथली तुटपुंजी माणसं पळतात. म्हणून त्यानं भिंतीवरच आतून पोकळ, दोन-तीन मजली विटांचे बुरूज बांधले. आत तीसपासून पन्नासपर्यंत माणसं राहतील, तोफा, दारू, धान्य सगळं आत. असे हजारावर बुरूज त्याच्या क्षेत्रात उभे राहिले. आज फोटोत दिसतात ते बहुतेक हेच.

पण माझ्या मते सीमा शांत झाली ती १५७१ मध्ये, अल्तान खानाशी तह होऊन त्याला पदवी दिली आणि घोड्यांचे बाजार उघडले तेव्हा. मंगोलांना धान्य, कापड, लोखंडी भांडी हवी होती. बाजार बंद असताना ते ती लुटून नेत.

आणि पोटाचं म्हणाल तर त्यातही धोरण आडवं आलं. १३७० पासून व्यापाऱ्यांनी सीमेवर धान्य पोचवलं की त्यांना मीठ विकण्याचा परवाना मिळे. व्यापाऱ्यांना लांबून धान्य ओढणं परवडेना, म्हणून त्यांनी सीमेवरच माणसं नेऊन शेती सुरू केली. फार सुंदर व्यवस्था होती ती. १४९२ मध्ये धान्याऐवजी रोख चांदी चालेल असं ठरलं, आणि व्यापाऱ्यांना सीमेवर शेती करायचं कारणच उरलं नाही.

---

पोथीवाला

उत्तम माहिती, घाटवाट. मला हानांच्या पट्ट्यांकडे परत यायचं आहे. जूयानच्या आधी दुनहुआंगजवळ अशाच पट्ट्या ऑरेल स्टाइन या संशोधकांना मिळाल्या होत्या, १९०६ ते १९०८ च्या मोहिमेत. त्या मोहिमेचा खर्च ब्रिटिश म्युझियम आणि तेव्हाचं हिंदुस्थान सरकार यांनी वाटून उचलला होता, म्हणून तिथून आलेल्या वस्तूंचा मोठा वाटा आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मध्य आशियाच्या दालनात मी गेलो होतो. लिहिलेल्या पट्ट्या लंडनला गेल्या.

स्टाइन यांनी लिहिलंय की भिंत बोरूच्या आणि झाऊच्या मोळ्यांचा एक थर, त्यावर वाळू-खड्यांचा एक थर, अशी रचत नेलेली होती. जमिनीतल्या क्षारांनी ते सगळं दगडासारखं घट्ट झालं. आणि बुरुजांजवळ इशाऱ्याच्या सरपणाच्या गंज्या तशाच रचलेल्या सापडल्या. पेटवायची वेळ आली नाही आणि तशाच राहिल्या. हे वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसलो होतो.

---

शेवंती

ते शिपाई कोण होते? तिथलेच का लांबून आणलेले? त्यांच्या घरच्यांचं काय?

---

सांजवारा

बरेचसे लांबून आलेले. पट्ट्यांवर नाव, वय आणि मूळ गाव असतं. आतल्या, शेतीच्या प्रांतांतली पोरं हजारो ली (ली म्हणजे अंतराचं चिनी माप) चालत वाळवंटात यायची, वर्षभराच्या सक्तीच्या सेवेसाठी. सगळे पहाऱ्यावरही नसत. काही शेतीवर, काही कालव्यांवर. एजिनच्या पाण्यावर तिथेच पीक काढायचं, कारण आतून धान्य ओढत आणायला बैल जेवढं खातात तेवढं पोचतच नाही. चौकीवरही एक जण पहाऱ्याला, एक जण स्वयंपाकाला आणि उरलेले विटा पाडायला, बोरू तोडायला, असं कामाचं वाटप लिहिलेलं आहे.

शिधा ठरलेला: शिपायाला महिन्याला ३ शी, ३ दौ आणि ३ शेंगच्या वर थोडं न कांडलेलं धान्य (१ शी म्हणजे १० दौ, १ दौ म्हणजे १० शेंग), म्हणजे आपल्या मापात ६६ लिटरच्या आसपास. मीठ ३ शेंग. ज्यांची कुटुंबं सोबत होती त्यांच्या वेगळ्या याद्या आहेत. बायकोला २ शी १ दौ ६ शेंग, लहानग्या मुलीला १ शी १ दौ ६ शेंग. प्रत्येक चिमुरडीचं नाव आणि वय लिहिलेलं. चौकीप्रमुखाला महिना ६०० नाणी, टप्प्याच्या नायकाला १२००, पण पगार महिनोन् महिने थकल्याच्या नोंदीही भरपूर. दर शरदात नेमबाजीची परीक्षा व्हायची: बारा बाण, सहा लागले तर पास, आणि सहाच्या वर प्रत्येक बाणाला पंधरा दिवसांची सेवा जास्त धरायची. बढतीला ती उपयोगी पडे.

घाटवाट, तुमच्या आक्षेपाशी जोडून एक सांगतो. इ.स.पू. ३३ मध्ये शिओंग्नूंचा प्रमुख हूहान्ये हानांना शरण येऊन जावई झाला होता. त्यानं प्रस्ताव ठेवला की सीमा मीच राखतो, तुमचे पहारे उठवा. दरबाराला हे पटत होतं. हौ यिंग नावाच्या, सीमेची माहिती असलेल्या अधिकाऱ्यानं दहा कारणं देऊन विरोध केला आणि सम्राट युआननं त्याचं ऐकलं. त्या दहांतली कित्येक कारणं आतल्या लोकांबद्दलची आहेत! सीमेवरच्या लोकांचे गुलाम त्रासलेले आहेत, पलीकडे सुख आहे असं ऐकतात आणि पळू बघतात. पूर्वीच्या लढायांत पलीकडे राहून गेलेल्यांची गरीब मुलंबाळं त्यांच्याकडे जायला निघतील. दरोडेखोर पलीकडे गेले तर हाती लागणार नाहीत. म्हणजे वाळूच्या त्या पट्टीवर येणाऱ्याच्या ठशाइतकीच जाणाऱ्याच्या ठशाची भीती होती.

---

निवृत्त_जवान

हे मनाला लागलं. ठसा कुठल्या दिशेला आहे ते आम्हीही आधी बघायचो.

---

पोथीवाला

सांजवारा, ते मासळीचं प्रकरण लिहाच. हा धागा त्याशिवाय अपुरा राहील.

---

सांजवारा

लिहितो. इ.स. २७ मधलं, छत्तीस पट्ट्यांचं. ज्याछू ठाण्याचा ठाणेदार सू. त्यानं कौ एन नावाच्या ६६ वर्षांच्या गाडीवानाला पाच हजार मासे घेऊन लूदेच्या बाजारात पाठवलं. कराराप्रमाणे कौ एननं चार लाख नाणी आणायची, मोबदला एक बैल आणि २७ शी धान्य. मासे संपले तरी तेवढे पैसे झाले नाहीत. म्हाताऱ्यानं बैल विकला आणि तीन लाख वीस हजार ठाणेदाराच्या बायकोच्या हातात ठेवले. ऐंशी हजार कमी पडले. तिनं त्याच्या गाडीवरचं सामान ठेवून घेतलं. परत आल्यावर ठाणेदारानं फिर्याद केली: बैल मी मोबदला म्हणून दिलाच नव्हता, उसना दिला होता, तो भर.

ठाण्याचा मुख्य अधिकारी एका बाजूला, एक म्हातारा गाडीवान दुसऱ्या बाजूला. गावच्या अधिकाऱ्यानं कौ एनला बोलावलं, खोटं बोललास तर काय शिक्षा आहे ते आधी वाचून दाखवलं आणि जबानी घेतली. ठाणेदार अडून बसला, पुन्हा जबानी झाली. म्हातारा एका आकड्यानंही हलला नाही. शेवटी जूयानच्या कचेरीनं फिर्याद खोटी ठरवली आणि कारभार सरळ न करणाऱ्याला जो कायदा लागतो तो ठाणेदाराला लावून कळवा, असं लिहिलं.

---

शेवंती

मग ते ऐंशी हजार? ते तर त्यानं देणं होतंच ना?

---

सांजवारा

त्याचा हिशेब त्यानं जबानीतच मांडलाय, ताई. बायकोनं ठेवून घेतलेलं सामान २४,६०० चं. शिवाय त्याच्या मुलानं, छिन त्याचं नाव, ठाणेदारासाठी तीन महिने दहा दिवस मासे धरले होते आणि त्याला एक दाणाही मिळाला नव्हता. बाजारभावानं मोठ्या माणसाची मजुरी दिवसाला २ दौ, म्हणजे शंभर दिवसांची २० शी धान्य. लूदेला तेव्हा धान्य ४,००० ला एक शी. त्यातलं १३ शी ८ दौ ५ शेंग धान्य कर्जात वळतं केलं की ५५,४०० होतात. सामानाचे मिळवून बरोबर ऐंशी हजार. कर्ज फिटलं, आणि पोराच्या मजुरीतलं ६ शी १ दौ ५ शेंग धान्य ठाणेदाराकडूनच येणं आहे, असं म्हाताऱ्यानं नोंदवून घेतलंय.